फायनलचा गोल कुठल्या पायाचा

काच कापताना मला कुणी हाक मारलेली अजिबात खपत नाही. कटर एकदा टेकला की हात एका दमात खालपर्यंत आला पाहिजे, मध्ये अडखळला की काच वाट्टेल तशी तडकते. माझ्या फ्रेमच्या दुकानात रोज येऊन बसणाऱ्यांना हे पाठ आहे, म्हणून तेवढ्यापुरतं तरी ते तोंड मिटून बसतात. त्या सकाळी वहिनी दारातूनच ओरडल्या, काच गेली, आणि मी वळून चांगली खरडपट्टी काढणार तेवढ्यात त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

"तुम्ही लोकांनीच ह्यांना डोक्यावर चढवून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच चला आणि खाली उतरवा."

वहिनी म्हणजे डावऱ्याची बायको. आणि डावरा म्हणजे आमच्या फुटबॉल संघाचा स्ट्रायकर, ज्याच्या डाव्या पायासाठी अख्खं मैदान घसा बसेपर्यंत ओरडायचं. खेळणं सोडून त्याला जमाना झाला. केस गेले, पोट सुटलं, मधुमेह जडला, पण नाव तेच राहिलं. त्याचं खरं नाव त्याच्या दारावरच्या पाटीलाच काय ते ठाऊक.

दुकानातल्या बाकावर तेव्हा मास्तर आणि बेकरीवाला होते. ते असतातच. मास्तरांनी शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, पण त्यांना खरा इतिहास एकच येतो, डावऱ्याचा. बेकरीवाला सकाळची भट्टी उरकून येतो, ऐकतो आणि मान डोलावतो. बोलायला लागला की मात्र दोन वाक्यांत त्याचे डोळे भरून येतात.

"काय झालं ते नीट सांगा," मी म्हटलं.

नव्या बुटानं डाव्या अंगठ्याला साधा फोड आला होता. ह्या बाबानं तो लपवला. मोजा घालून हिंडत राहिला, वास यायला लागला तरी कुणाला दाखवला नाही. आता बोटं काळी पडली होती आणि विष वर चढत होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आणि तोही आज दुपारच्या आत. त्यानंतर त्या कसलीच हमी देणार नव्हत्या.

"आणि हे म्हणतात, मेलो तरी चालेल, पण पाय देणार नाही," वहिनी म्हणाल्या. "माझं ऐकत नाहीत, मुलीचं ऐकत नाहीत. मला तुमचा तो डावरा नकोय हो. मला माझा नवरा हवाय."

मी दुकानाचं शटर ओढलं. फुटलेली काच तशीच टेबलावर राहिली.

बेकरीवाल्याच्या गाडीत मागे पावाचे रिकामे ट्रे खडखडत होते. मास्तर खिडकीला डोकं लावून बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. डावऱ्याच्या त्या पायाशी ह्या माणसाचं काय नातं होतं ते मला माहीत होतं. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ एकदा जेवताना म्हणाला, "डावऱ्याला उगाच चढवलंय, एका पायाचा खेळाडू तो." मास्तर भरल्या ताटावरून उठले ते उठलेच. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं नाही.

आणि माझं त्यांच्याशी भांडण होतं ते वेगळंच. ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

फायनल होती. बरोबरी. खेळ संपत आलेला. उजवीकडून जमिनीलगत क्रॉस आला, गर्दीतून डावरा पुढे घुसला आणि चेंडू जाळ्यात. त्या क्षणाचा एक फोटो आहे. बाजूच्या रेषेवरून काढलेला. त्यात डावऱ्याचा डावा पाय हवेत आहे आणि चेंडू गोलात शिरतोय. तो फोटो घराघरांत लागला, माझ्या दुकानातही आहे, त्यातल्या निम्म्या फ्रेम माझ्याच हातच्या. मास्तर तेव्हा फोटोवाल्याच्या शेजारीच उभे होते. ते म्हणतात, डाव्या पायाचा गोल, जगात तसा दुसरा नाही.

मी त्या दिवशी गोलच्या मागे होते, बाबांच्या खांद्यावर. शाळकरी पोर होते, पण डोळे धड होते माझे. डावा पाय चेंडूवरून नुसता फिरला. चेंडू लागला तो उजव्या पायाला. सगळे डाव्याकडे बघत राहिले, गोलकीपरनं तिकडेच उडी टाकली, आणि चेंडू दुसऱ्या बाजूनं आरामात आत गेला. मला तेव्हाच वाटलं होतं, काय बनवलंय ह्यानं सगळ्यांना!

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की मंडळींनी माझं नाव 'उजवी' पाडलं. डावरा कधीमधी दुकानात येऊन बसायचा, तेव्हा त्यालाच विचारायचो. तो हसायचा आणि म्हणायचा, "तुम्ही ठरवा." मग मास्तर आणि मी पुन्हा एकमेकांच्या अंगावर जायचो. मी एकटी आणि समोर सगळं गाव. ऐकतंय कोण?

दवाखान्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खाटा, त्यातली एक रिकामी, खिडकीत औषधांच्या बाटल्या. दार उघडलं तसा तो वास आला. बेकरीवाल्यानं रुमाल नाकाकडे नेला आणि लाजून परत खिशात घातला.

डावरा उशीला टेकून बसला होता. अंगात ताप, डोळे लाल, पण आम्हाला बघून चेहरा उजळला. डावा पाय पांघरुणाबाहेर होता. पावलाला बँडेज होतं. त्याच्या वर, नडगीवर, पेनानं एक रेघ काढलेली होती.

"ही कसली रेघ?" मी विचारलं.

"सकाळी लाली इथवर होती," वहिनी हळूच म्हणाल्या.

लाली रेघेच्या चांगली चार बोटं वर गेली होती. दिवसभर काचेवर रेघा मारणारी बाई आहे मी, रेघेच्या ह्या बाजूला काय आणि त्या बाजूला काय ते मला चटकन दिसतं.

"मी डॉक्टरीणबाईंना बघून येते," म्हणून वहिनी बाहेर गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पळून जावंसं वाटलं.

आता समजूत घालायची होती. त्यासाठीच आणलं होतं आम्हाला. पण आम्हा लोकांना डावऱ्यासमोर बसून दुसरं काही बोलायची सवयच नाही. बेकरीवाल्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "तो कॉर्नर आठवतो? थेट आत वळवलेला? गोलकीपर बिचारा अजून शोधत असेल."

झालं! सुरुवात झाली.

"वारा होता त्या दिवशी," डावरा म्हणाला.

"वाऱ्याला कशाला श्रेय देतोस?" मास्तर पुढे सरसावले. "वारा दोन्ही संघांना होता. अरे, तुझं पाऊल मागे जायचंच नाही. बाकीचे लाथ मारायला पाय मागे नेतात, गोलकीपरला कळतं. तुझा पाय जिथं असायचा तिथूनच सुटायचा. नुसता घोटा हलायचा. चेंडू पायाला चिकटून बसायचा तुझ्या, हाकलल्याशिवाय जायचा नाही."

"आणि चालायचा कसा!" बेकरीवाल्याचे डोळे भरलेच. "निम्मा सामना कमरेवर हात ठेवून. समोरच्यांना वाटायचं, हा आज कंटाळलाय. आणि मग दोन पावलं... दोनच!"

डावरा हसत होता. त्याचा हात नकळत त्या पायावरून फिरत होता, मांजरावरून फिरवावा तसा. आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं. हीच तर चूक होती आमची. जन्मभर आम्ही ह्याच्या एका पायाची आरती ओवाळत आलो, आणि आत्ता, तो सडत असताना, पुन्हा तेच करत होतो. आमच्या प्रत्येक वाक्यानं तो पाय जास्त घट्ट धरून बसत होता. आणि लाली वर चढत होती.

"पुरे!" मी ओरडले. "बंद करा तुमचं पुराण."

तिघांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"त्या पायानं नाही खेळलात तुम्ही," मी डावऱ्याला म्हटलं. "मी गोलमागून बघत होते. चेंडू येण्याआधी तुम्ही दोनदा मान वळवायचात, एकदा ह्या खांद्यावरून, एकदा त्या. कोण कुठं आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक असायचं. सगळे धावायचे तेव्हा तुम्ही थांबायचात. डिफेंडर सगळे त्या पायाला राखत बसायचे आणि तुम्ही त्यांच्या पाठीमागून निघून जायचात. खेळ डोक्यात होता तुमच्या. पाय नुसता निरोप्या होता. आणि फायनलचा गोल उजव्याचा होता. उजव्याचा!"

"उजवे, अगं आज तरी," बेकरीवाला कळवळला.

डावऱ्याचा चेहरा मिटला. "तू एकटीच म्हणतेस," तो म्हणाला. "बाकी सगळे डावा म्हणतात. ह्या पायानं मला नाव दिलं. लोक मला बघून अजून रस्त्यात थांबतात ते कशामुळे? हा कापून टाकला की काय उरतं? कोण उरतो मी?"

"तू उरशील की रे, गाढवा!"

माझ्या तोंडून गेलं ते गेलंच. त्याला मी आयुष्यात कधी अरेतुरे केलं नव्हतं. पण आता मागे फिरणं नव्हतं. "तू उरशील! वहिनींचा नवरा उरेल. पोरीचा बाप उरेल. माझ्या दुकानात येऊन 'तुम्ही ठरवा' म्हणणारा शहाणा उरेल. हे कमी झालं का?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाहेर खडखडाट झाला, कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. खिडकीतलं ऊन खाटेवरून खाली सरकलं होतं. म्हणजे दुपार होत आली होती. मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी आणखी काहीतरी भलतं बोलून बसले असते, पण तेवढ्यात मास्तर उभे राहिले. खाटेची दांडी धरून उभे राहिले, नाहीतर पडलेच असते.

"उजवाच होता," मास्तर म्हणाले.

बेकरीवाल्यानं तोंडाचा आ केला. मी तर मास्तरांकडे बघतच राहिले.

"मी रेषेवर होतो," मास्तर म्हणाले. "फोटोवाल्याच्या शेजारी. मला दिसलं होतं. डावा... डावा तू नुसता फिरवलास. चेंडू उजव्यानं गेला. ही खरं सांगते. मी उगाच हट्टाला पेटलो होतो." त्यांचा आवाज चिरकला. "तेव्हा त्या पायाचं एवढं काही नाही. देऊन टाक तो. काही अडत नाही."

असं म्हणताना त्यांची नजर त्या पायावर होती. आणि त्यांची हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती.

डावरा त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बेकरी, मास्तरांना बाहेर ने. बाकावर बसव. पाणी दे त्यांना."

ते दोघे गेले. दार लागलं. मी जायला निघाले तर तो म्हणाला, "तू थांब."

मी थांबले.

"खोटं बोलले ना मास्तर?"

आता काय सांगायचं? हो म्हटलं तर ह्याचं मन पुन्हा फिरायचं. नाही म्हटलं तर ह्याला कळलं असतं. मैदानावर एका नजरेत सगळं दिसायचं ह्याला, माझा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार होता?

"हो," मी म्हटलं. "खोटं बोलले. जन्मात पहिल्यांदा बोलले असतील, म्हणून तर इतकं वाईट बोलले."

तो हसला. तापानं ओठ फुटले होते, हसताना दुखलं त्याला. "ह्या पायापायी त्यांनी पाठच्या भावाशी बोलणं टाकलं," तो म्हणाला. "आणि आज माझ्या तोंडावर उजवा म्हणाले. इतका हवा आहे होय मी त्यांना?"

"म्हणजे काय! प्रश्न आहे का हा?"

त्यानं डोळे मिटले. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं, ते त्यानं पुसलं नाही. "बोलाव डॉक्टरीणबाईंना," तो म्हणाला. "हो म्हणतोय म्हणावं डावरा."

मी दाराकडे धावलेच. कडीला हात लावला तोच मागून हाक आली.

"आणि ऐक. तू बरोबर होतीस."

मी वळले.

"उजव्याला लागला होता चेंडू. नडगीला."

"मला ठाऊकच होतं!" मी म्हटलं. इतक्या वर्षांचं ते ओझं असं एकदम उतरलं की मला भान राहिलं नाही. "काय हूल दिलीत पण! सगळ्यांना वाटलं डावा..."

"हूल कुठली," तो म्हणाला. "डाव्यानं मारायला गेलो आणि हुकलो. साफ हुकलो. चेंडू येऊन उजव्या नडगीवर आपटला आणि गेला आत. मी वर बघतो तर सगळं मैदान डावरा डावरा म्हणून ओरडतंय. काय सांगणार होतो? सांगायची लाजच वाटली."

मी आ वासून उभी. म्हणजे मीसुद्धा जन्मभर अर्धंच बरोबर होते. मला हसू फुटलं, त्यालाही फुटलं. त्या वासाच्या खोलीत आम्ही दोघे येड्यासारखे हसत होतो.

मग तो थांबला. "मास्तरांना सांगू नकोस. त्यांचा गोल त्यांच्याजवळ तसाच राहू दे."

पुढची धावपळ मला नीट आठवत नाही. वहिनींनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की उशीर झालाय, विष रक्तात गेलंय की काय ते आत गेल्यावरच कळेल. स्ट्रेचर गेलं. दुहेरी दरवाजा लागला आणि वरचा लाल दिवा पेटला.

बाकावर वहिनी एका टोकाला, मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून. बेकरीवाला येरझारा घालत होता. मास्तर दुसऱ्या टोकाला, हात गुडघ्यांत घालून, मी त्यांच्या शेजारी. बराच वेळ दरवाजा हललासुद्धा नाही. एकदा एक नर्स घाईघाईनं बाहेर आली, रक्ताची पिशवी घेऊन परत आत गेली, आमच्याकडे तिनं बघितलं नाही. बेकरीवाला होता तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

"मी खोटं बोललो त्याच्याशी," मास्तर हळूच म्हणाले.

मी त्यांच्याकडे सरकले.

"तो आत गेलाय आणि कानात माझं खोटं घेऊन गेलाय. परत नाही आला तर? माझं शेवटचं बोलणं ते? त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल मी त्याच्या तोंडावर नाकारला गं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "डावाच होता. मी बघितलं होतं. देवाशपथ डावाच होता."

माझ्या जिभेवर होतं. नुसतं सांगायचं, मास्तर, तुम्ही खोटं बोललाच नाहीत, त्यानंच कबूल केलंय. त्यांच्या मनावरचा धोंडा तिथल्या तिथं उतरला असता. आणि मी जिंकले असते. बाबांच्या खांद्यावरून बघितलं तेव्हापासून ज्याची वाट पाहिली ते सगळं माझ्या मुठीत होतं. पण मग म्हाताऱ्याजवळ काय राहिलं असतं? एक नडगीवर आपटलेला चेंडू.

"हो मास्तर," मी म्हटलं. "डावाच होता."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"मीच लहान होते तेव्हा," मी म्हटलं. "जाळ्यामागून काय कप्पाळ दिसणार? आणि तुम्ही खोटं बोललात ते फार बरं केलंत. त्याला कळलं होतं तुम्ही खोटं बोलताय ते. म्हणून तर हो म्हणाला."

"कळलं होतं त्याला?"

"पहिल्याच शब्दाला. इतकं वाईट खोटं शाळेतल्या पोरांनीसुद्धा कधी सांगितलं नसेल तुम्हाला."

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या तरी पुसतच राहिले.

दरवाजा उघडला. आम्ही सगळे एकदम उठलो. डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. त्या दमल्या होत्या. त्यांनी आधी वहिनींना शोधलं.

"वाचले," त्या म्हणाल्या. "आणखी थोडा उशीर झाला असता तर नसते वाचले. शुद्धीवर यायला वेळ लागेल, पण वाचले."

वहिनी मटकन खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. मुलगी त्यांना मिठी मारून बसली. बेकरीवाला डॉक्टरीणबाईंच्या पायाच पडायला निघाला, त्या घाईनं मागे सरकल्या. मी भिंतीकडे तोंड करून जे काय रडायचं ते रडून घेतलं.

जरा वेळानं कुणीतरी माझ्या खांद्यावर बोट टोचलं. मास्तर होते. डोळे सुजलेले, नाक लाल, पण मान ताठ.

"मघाशी काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"काय काय करतेस? डावा म्हणालीस. मी ऐकलं. आता फिरायचं नाही. दुकानात सगळ्यांसमोर म्हणायचं, त्या फोटोखाली उभं राहून."

मी त्यांच्याकडे बघितलं. गेली कित्येक वर्षं ह्या माणसाला हरवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"म्हणेन," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

"मोठ्यानं म्हणेन, मास्तर. चला, आधी चहा पिऊ."